कशावरून?

मेसमध्ये रात्री साडेआठ ते साडेनऊ या एका तासात जेवढी ठाम विधानं केली जातात, तेवढी आपल्या सगळ्या डिपार्टमेंट्सच्या सेमिनारमध्ये मिळून वर्षभरात होत नसतील. "एक्स्टर्नल जेवण करून आला की व्हायवाला मार्क कमी देतो." "समोरचा क्लास लावला की एम-थ्री निघतोच." "बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत जातं." "तो ना, इन्स्ट्रूचा? एक नंबरचा खडूस आहे." भाजी संपते, आमटी थंड होते, पण चर्चा संपत नाही. आणि गंमत म्हणजे या सगळ्या तासात एक लहानसा मराठी शब्द कुणीच उच्चारत नाही. तो शब्द म्हणजे, "कशावरून?"

मित्रांनो, या लेखात त्या एका शब्दाचा अभ्यास करायचा आहे. अभ्यास म्हटल्यावर पान उलटू नका, यात डेरिव्हेशन एकच आहे आणि तेही गुणाकार-भागाकाराचं.

वरच्या विधानांमध्ये तीन वेगवेगळे प्रकार लपलेले आहेत. पहिला गृहीतकाचा. गृहीतक म्हणजे जे आपण बोलत नाही, पण ज्यावर उभे राहून बोलतो. दुसरा ऐकीव समजुतीचा: कुणीतरी कुणालातरी सांगितलं, त्याने आपल्याला, आणि आपण पुढच्या बॅचला. तिसरा तडकाफडकी निकालाचा. यात आधार अगदीच नसतो असं नाही, पण तो बोटभर असतो आणि निकाल हातभर. शेवटचा प्रकार सगळ्यात महाग पडतो, कारण तो बहुतेक वेळा माणसांबद्दल असतो.

पहिल्या दोन प्रकारांसाठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल. व्हायब्रेशनच्या पहिल्या लेक्चरला ती जुनी फिल्म दाखवतात: पूल कणकेच्या पट्टीसारखा पिळवटतो आहे, मधोमध एक मोटार अडकली आहे, आणि मग सगळं खाली. पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला पडला. म्हणजे एका सेमिस्टरपेक्षा कमी आयुष्य. मुख्य गाळा २८०० फूट, म्हणजे ८५३ मीटर, आणि रुंदी फक्त ३९ फूट. माणूस कुणी दगावला नाही, मोटारीत राहिलेला एक कुत्रा मात्र गेला.

डिझाइन करणारे नवशिके नव्हते. लिऑन मोइसेफ हे त्या काळातलं झुलत्या पुलांमधलं मोठं नाव. वाऱ्याचा विचार केला नव्हता असंही नाही. आडव्या, स्थिर भाराचा हिशेब व्यवस्थित केलेला होता. आधीच्या आराखड्यात पुलाला ताठपणा देणारी २५ फूट खोलीची जाळीदार ट्रस होती. तिच्या जागी ८ फुटांची भरीव गर्डर आली, पूल देखणा झाला आणि खर्च वाचला. गृहीतक होतं ते न बोललेलं: वारा म्हणजे ढकलणारा स्थिर भार, बाकी काही नाही. हे गृहीतक त्या आधीच्या जाडजूड, ताठ पुलांवर खपून गेलं होतं. सडपातळ पुलावर ते खपलं नाही. खरं तर १८५४ मध्येच व्हीलिंग इथला झुलता पूल वाऱ्याने पिळवटून पडला होता, पण तोवर मधे सुमारे ८५ वर्षं गेली होती. जुना अनुभव पुस्तकातून गळाला की गृहीतक किती आरामात बसतं बघा.

हा झाला डिझाइनरचा भाग. आता आपला. पूल का पडला, असं ओरलमध्ये विचारलं की आपण छातीठोक सांगतो, "सर, रेझोनन्स. भोवऱ्यांची फ्रिक्वेन्सी आणि पुलाची नॅचरल फ्रिक्वेन्सी जुळली." कशावरून? आकडेमोड करून बघू. त्या दिवशी वारा ताशी सुमारे ४२ मैल, म्हणजे सेकंदाला १९ मीटरच्या आसपास. गर्डरची खोली २.४ मीटर. फ्लुइडमध्ये शिकलेला स्ट्रोहाल नंबर अशा आकाराला ०.१२ च्या आसपास धरा. ०.१२ गुणिले १९ भागिले २.४, म्हणजे भोवरे सुटणार सेकंदाला जवळजवळ १ या दराने. आणि पूल पिळवटत होता तो ०.२ हर्ट्झने, पाच सेकंदांत एक झोका. पाचपटीचा फरक! हा मुद्दा के. युसुफ बिल्ला आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये एका लेखात नीट मांडला आणि पाठ्यपुस्तकं काय सांगतात तेही तपासलं. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरून ठराविक तालात कुणी पुलाला ढकलत नव्हतं. पूल जरा पिळला की त्या पिळामुळेच वाऱ्याचा जोर असा बदलायचा की पीळ आणखी वाढायचा. डॅम्पिंग ऊर्जा खाण्याऐवजी द्यायला लागलं, म्हणजे निगेटिव्ह झालं. याला फ्लटर म्हणतात. दिसायला सारखं, कारण वेगळं, आणि म्हणून उपायही वेगळा: नुसती नॅचरल फ्रिक्वेन्सी थोडी सरकवून भागत नाही, पुलाचा आकार आणि पिळाला होणारा विरोध दोन्ही बदलावे लागतात.

इथे कुणी म्हणेल, मार्क तर रेझोनन्स लिहूनच मिळतात. मिळतात, खरं आहे. पण ज्याला पुढे पूल बांधायचा आहे त्याने पाचपटीचा फरक आपल्या वहीत एकदा तरी काढून बघावा. विमानाच्या पंखाचीही तीच गत. वरून जाणाऱ्या हवेला खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचं असतं म्हणून ती वेगाने जाते, असं बऱ्याच जणांच्या वहीत आहे. विंड टनेलमध्ये धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोहोचलेली दिसते. गाठ पडायची सक्ती तिला कुणी केलेली नाही.

आता प्रश्न असा, की हुशार माणसंसुद्धा आपली समजूत तपासत का नाहीत? आळस हे एक कारण, पण त्याहून खोल कारण एका खेळातून कळतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये हा खेळ प्रयोग म्हणून मांडला. आज रात्रीच रूम पार्टनरवर करून बघा. त्याला सांगा, "मी तीन आकड्यांचा एक नियम मनात धरला आहे. २, ४, ६ हे त्या नियमात बसतात. तू आणखी तीन-तीन आकडे सांग, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. नियम सापडला की सांग." पार्टनर म्हणेल ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. १००, १०२, १०४. हो. मग तो कॉलर ताठ करून म्हणेल, "दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या." तुम्ही म्हणाल, चूक. तो चिडेल. नियम इतकाच होता: चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे.

त्याचं चुकलं कुठे? तीनही वेळा त्याने असेच आकडे विचारले, की ज्यांना "हो" मिळेल अशी त्याला खात्री होती. त्याची समजूत खोटी ठरू शकेल असा एकही प्रश्न त्याने विचारला नाही. १, २, ३ विचारलं असतं, किंवा ५, ९, ४० विचारलं असतं, तर एका फटक्यात फुगा फुटला असता. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला आपण हेच करतो. प्रोग्रॅम ५ ला चालला, १० ला चालला, झालं, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवला. मग एक्स्टर्नल येऊन शून्य टाकतात. चर्चेतही तसंच. "सगळे अमुक गावचे लोक चिकट असतात" असं म्हणणाऱ्याला पाच चिकट माणसांची नावं तोंडपाठ असतात, कारण तो तेवढीच मोजत आलेला असतो.

क्लासवाल्यांचं घ्या. चौकातल्या बोर्डावर एम-थ्री सुटलेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो ओळीने लावलेले असतात. ज्यांचा सुटला नाही त्यांचे फोटो कुठे आहेत? आणि क्लास न लावता किती जणांचा सुटला? चार रकान्यांचा तक्ता हवा: लावला-सुटला, लावला-नाही सुटला, नाही लावला-सुटला, नाही लावला-नाही सुटला. बोर्डावर फक्त पहिला रकाना असतो. क्लास वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो चांगलाही असेल. बोर्डावरून ते कळत नाही, एवढंच.

हे सगळं पाश्चात्त्यांनी शिकवलं असं मात्र समजू नका. आपल्याकडे न्यायशास्त्र नावाचं एक आख्खं दर्शन याच कामासाठी उभं राहिलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. आपण आज "वाद घालू नकोस" म्हणतो ते चुकीच्या अर्थाने. मुळात वाद हाच तिघांतला चांगला. ज्यात दोन्ही बाजू खरं काय ते शोधायला बसलेल्या असतात तो वाद. ज्यात जिंकणं हाच हेतू, मग शब्दच्छल करा नाहीतर काही करा, तो जल्प. आणि वितंडा म्हणजे स्वतःची काही बाजूच मांडायची नाही, समोरच्याचं फक्त खोडत राहायचं. मराठीतला वितंडवाद हा शब्द तिथूनच आला. गॅदरिंगच्या मीटिंगला वितंडा करणारे दोन-तीन जण दरवर्षी नेमाने येतात. "डीजे नको" म्हणतात, "ऑर्केस्ट्रा नको" म्हणतात, "मग काय हवं?" विचारलं की मोबाईल बघतात.

शब्दच्छलाचं एक उदाहरण तर फारच गोड आहे. देवदत्ताकडे नव कंबल आहे, असं एकाने म्हटलं, म्हणजे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, खोटं, त्याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर आहे! संस्कृतात "नव" म्हणजे नवंही आणि नऊही. आपल्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच असतं. "हा सर स्ट्रिक्ट आहे" यातल्या स्ट्रिक्टचा अर्थ एकाच्या मते अटेंडन्स कापणारा आणि दुसऱ्याच्या मते नीट शिकवणारा. दोघे तासभर भांडतात आणि शब्दाचा अर्थ कुणीच विचारत नाही. आयुर्वेदाच्या चरकसंहितेतही वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी यावर विवेचन आहे. मित्रभावाची चर्चा वेगळी आणि कुरघोडीची वेगळी, असं तिथे स्पष्ट केलं आहे.

पण नैयायिकांची खरी कमाल पुढे आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे त्यांचं आवडतं उदाहरण. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. "कशावरून?" तर स्वयंपाकघरात पाहिलं आहे, आणि तळ्यात अग्नी नसतो तिथे धूरही नसतो. म्हणजे जिथे बसतं ते उदाहरण आणि जिथे बसत नाही तेही, दोन्ही द्यायची. रूम पार्टनरने नेमकी ही दुसरी अर्धी पायरी गाळली होती. आता उलटं करून बघा: जिथे अग्नी तिथे धूर? पटकन हो म्हणावंसं वाटतं. पण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. (फर्स्ट इयरला स्मिदी शॉपमध्ये पाहिलेला जॉब आठवा.) धूर व्हायला इंधन ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. एम-थ्रीच्या क्लासमधली उपाधी कोणती असेल? कदाचित क्लास लावणारी मुलं मुळातच रोज दोन तास गणितं सोडवायला बसणारी असतील. ओलं लाकूड तिथे आहे, आणि श्रेय विस्तवाला जातं आहे.

आता अशा एका रात्रीकडे वळू, जेव्हा "कशावरून?" हा प्रश्न विचारला गेला, जोरात विचारला गेला, आणि तरी सात माणसं गेली.

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातून चॅलेंजर अंतराळयान सुटायचं होतं. यानाच्या दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर मॉर्टन थायोकॉल या कंपनीने बनवले होते. बूस्टरचे तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि जोडातून आतला तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या गोल कड्या, म्हणजे ओ-रिंग. फ्लोरिडात त्या रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. थंडीत रबर कडक होतं आणि फट भरायला उशीर करतं, हे कुकरची जुनी रिंग हाताळलेल्या कुणालाही कळेल. कंपनीतले इंजिनियर रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी घाबरले होते. बॉइजोलींनी तर जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की या जोडाचा प्रश्न सुटला नाही तर माणसं जातील.

फोनवर तीन ठिकाणची माणसं बोलत होती. कंपनीने आधी सांगितलं, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण ५३ अंशांना झालं होतं आणि त्यात कड्यांची वाईट अवस्था दिसली होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी आधार विचारला. ७५ अंशांच्या एका उड्डाणातही वायू गळाल्याच्या खुणा होत्या, मग थंडीचाच संबंध कशावरून?

प्रश्न चुकीचा नव्हता. पण उत्तर द्यायला जी आकडेवारी समोर हवी होती ती कुणी समोर ठेवली नाही. लक्ष होतं ते ज्या उड्डाणांत कड्या बिघडल्या त्यांच्यावर. त्या तेवढ्याच पाहिल्या तर बिघाड थंडीतही दिसतो आणि उबेतही, काही नियम दिसत नाही. अपघातानंतर रॉजर्स आयोगाने सगळी, म्हणजे न बिघडलेलीही उड्डाणं त्याच आलेखावर मांडली. चित्र लख्ख झालं. ६५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या खाली चार उड्डाणं झाली होती आणि चारही वेळा कड्यांना इजा होती. त्याहून उबदार हवेत २० उड्डाणं, त्यातल्या फक्त तिनांत इजा. चौकातल्या क्लासच्या बोर्डावर जे घडतं तेच इथे उलट्या बाजूने घडलं. तिथे नापासांचे फोटो नसतात, इथे पासांचे नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री घडली, आणि माझ्या मते ती आलेखापेक्षा मोठी आहे. एरवी उड्डाणाच्या बैठकीत कंपनीला सिद्ध करावं लागे, की यान सुरक्षित आहे. त्या रात्री बॉइजोलींना वाटलं, की आपल्याला सिद्ध करायला सांगत आहेत की ते असुरक्षित आहे. प्रश्न तोच, "कशावरून?", पण रोख फिरला. कंपनीच्या लोकांनी आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. त्यात इंजिनियरिंग विभागाच्या प्रमुखांना सांगण्यात आलं, की आता इंजिनियरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. त्यांनी ती घातली. कंपनीचा सल्ला बदलला. २८ जानेवारीला सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान सुटलं, तेव्हा हवा ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सिअस होती. ७३ सेकंदांनी सगळं संपलं. सातांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतल्या शिक्षिकाही होत्या.

म्हणून कशावरून विचारताना आणखी एक गोष्ट बघावी लागते: हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? चुकलं तर ज्याच्या बाजूने जास्त नुकसान होणार, पुराव्याचं ओझं त्याच्यावर. "लिफ्टचा आवाज येतोय, बंद ठेवू" म्हणणाऱ्या वॉचमनकाकांकडे आपण पुरावा मागू नये. "चालते हो काका, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे मागावा.

माणसांवर आरोप करताना तर हे ओझं फारच जड व्हायला हवं. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंची दोन तान्ही बाळं गेली, एक १९९६ मध्ये आणि दुसरं १९९८ मध्ये. बाईंवरच खुनाचा खटला झाला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये जन्मठेप झाली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं, की अशा सुस्थितीतल्या घरात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक. मग दोन बाळं? ८५४३ चा वर्ग करा, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक! ऐकणाऱ्याचा निकाल तिथेच लागतो. पण थांबा. गुणाकार कधी करायचा असतो? दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हा, हे बारावीला शिकलो. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन बाळं स्वतंत्र कशी? काही आनुवंशिक दोष असेल तर दुसऱ्या बाळाची शक्यता वाढलेलीच असणार. दुसरी चूक आणखी बारीक आहे. आईने आपली दोन बाळं मारणं हेही अतिशय दुर्मीळच. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी एक घडलेली आहेच, तर तुलना त्या दोघींची करायला हवी. एकीचाच आकडा दाखवून दुसरी सिद्ध होत नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या काही तपासण्यांचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिलेच नव्हते असंही उघड झालं आणि जानेवारी २००३ मध्ये बाई सुटल्या. २००७ मध्ये त्या वारल्या.

आपल्याकडे कोर्ट नाही, कॉरिडॉर आहे. समजा दुसऱ्या मजल्यावरून कुणाचा मोबाईल गेला. अर्ध्या तासात नाव ठरतं: मेसमधला नवा वाढपी. कशावरून? "तो अकरा वाजता मजल्यावर दिसला होता." अरे, पण तो रोजच अकरा वाजता डबे गोळा करायला मजल्यावर येतो. चोरी केली असती तरी दिसला असता, केली नसती तरी दिसला असता. जी गोष्ट दोन्ही परिस्थितींत सारखीच घडणार, ती दोघांत निवड करायला मदत करत नाही. तिला पुरावा म्हणता येत नाही. "घाबरलेला दिसत होता." वीस जण घेरून उभे राहिल्यावर प्राचार्यसुद्धा घाबरलेले दिसतील. "याआधी कधी काही गेलं नव्हतं, तो आल्यावरच गेलं." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्याच महिन्यात फर्स्ट इयरची साठ मुलंही नवी आली, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, कारण ती आपल्यातली.

मोबाईल कधी मित्राच्या बॅगेत सापडतो, कधी लाँड्रीच्या पिशवीत, कधी सापडतच नाही. सापडला तर मजल्यावर हशा होतो. तोवर त्या पोराचा हिशोब करून कंत्राटदाराने त्याला गावी धाडलेलं असतं, आणि "चोरीमुळे काढला" हे त्याच्याआधी पुढच्या मेसपर्यंत पोहोचलेलं असतं. नाव घ्यायच्या आधी ते रेक्टरांसमोर लिहून सही करून द्यायची तयारी आहे का, एवढं स्वतःला विचारलं तरी निम्मी नावं घशातच राहतील.

आता व्यवहाराचं. "कशावरून?" हा शब्द जसाच्या तसा तोंडावर फेकला तर भांडण होतं, हे कबूल. मित्राला विचारताना "हे कुठे वाचलंस रे? मलाही बघायचंय" असं म्हटलं की तो स्वतःच शोधायला लागतो. सीनियर असेल तर "दादा, तुमच्या बॅचला किती जणांचं असं झालं होतं?" आणि सरांना व्हायवात "कशावरून" विचारायच्या भानगडीत पडू नका. व्हायवा झाल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन "सर, याचं डेरिव्हेशन कोणत्या पुस्तकात नीट मिळेल?" असं विचारा. बहुतेक सर खूश होतात. एखाद्यांना पुस्तक आठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्याला शोधत येतात.

राहता राहिलं बेसिनचं पाणी. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम खरा आहे, पण फार क्षीण आहे. पृथ्वी दिवसाला एक फेरी मारते, आणि नळातून पडलेलं पाणी आधीच त्याच्या कितीतरी पट वेगाने कुठल्यातरी बाजूला फिरत असतं. अमेरिकेत एमआयटीच्या ॲशर शपिरो यांनी १९६२ मध्ये हे नीट तपासलं. सहा फूट व्यासाची, सहा इंच पाण्याची गोल टाकी, मधोमध लहान भोक. पाणी २४ तास निवांत ठेवलं, वरून झाकलं, खोलीचं तापमान बदलू दिलं नाही, आणि मग बूच हळूच काढलं. पहिली बारा-पंधरा मिनिटं काहीच फिरलं नाही. त्यानंतर ठेवलेला तरंगता तुकडा घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागला. म्हणजे समजूत पूर्ण खोटी नाही, पण बेसिनला ती लागू नाही. शिवाय हा परिणाम अक्षांशाच्या साइनवर अवलंबून असतो. तिथे ४२ अंश, आपल्याकडे १८-१९. म्हणजे आपल्या वाट्याला त्याच्या निम्मा.

प्रयोग हॉस्टेलवर करता येतो. जुन्या बादलीच्या तळाला मधोमध भोक पाडा, बूच खालून काढता येईल असं लावा. बादली दोन विटांवर ठेवा. पहिल्या दहा वेळा नळाखाली भरून लगेच बूच काढा आणि दिशा लिहा. पुढच्या दहा वेळा रात्री भरून ठेवून सकाळी काढा, पंखा बंद ठेवून. दिशा काय येईल याचा अंदाज प्रत्येकाने आधी कागदावर लिहून पाकिटात ठेवायचा, नंतर नाही. आणि "फिरलंच नाही" असा रकानाही तक्त्यात असू द्या. वीस नोंदी झाल्या की डिपार्टमेंटच्या भित्तीपत्रकाजवळ लावा. बादली मात्र स्वतःची घ्या, पार्टनरची नको.